शिकाऱ्यांनीच शिकारीला लगाम घातला: बून अँड क्रॉकेट क्लबची पार्श्वभूमी

बून अँड क्रॉकेट क्लब या अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या क्लबचं नाव आज निघतं ते बहुतेक शिंगांच्या रेकॉर्डवरून, कुठल्या हरणाचं शिंग किती इंच वगैरे. पण ते मोजमापाचं प्रकरण बरंच नंतरचं. क्लब निघाला १८८७ च्या डिसेंबरात आणि तेव्हा प्रश्न वेगळाच होता, मोजायला जनावर तरी उरणार का?

सुरुवात करायची तर चार वर्षं मागे जावं लागतं. सप्टेंबर १८८३. थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, तेव्हा वय २४, न्यूयॉर्कच्या पैसेवाल्या घरातला, डोळ्यावर चष्मा, लहानपणी दम्याने बेजार झालेला, हा डाकोटात रेल्वेने उतरला तो एक बायसन मारायचाच म्हणून. बायसन म्हणजे अमेरिकेचा रानरेडा, तिकडचे लोक त्याला बफेलोच म्हणतात. जो फेरिस नावाचा वाटाड्या सोबत घेऊन पठ्ठ्या कित्येक दिवस पावसाचिखलात घोड्यावर फिरला, आणि एवढं करून मिळाला एकच. कारण उत्तरेकडचा कळप नेमका त्याच सुमारास संपत आला होता. एकेकाळी या देशात बायसन किती होते याचा अंदाज काही कोटींत करतात, आणि रेल्वे आली, कातड्याला भाव आला, कारखान्यातल्या मशीनच्या पट्ट्यांना ते चामडं लागायला लागलं, वर बायसन संपले की त्यांच्यावर जगणारे मूळनिवासीही नमतील असा हिशोब लष्करातल्या बऱ्याच जणांचा होता, त्यामुळे कोणी कोणाला अडवलंच नाही. विल्यम हॉर्नडे या प्राणिशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मोजदाद केली तेव्हा आख्ख्या उत्तर अमेरिकेत आकडा आला १,०९१, त्यातलेही २५६ पाळलेले. कोटींवरून हजारावर, ते पण एका माणसाच्या आयुष्यात. हा आकडा मी कितीदा वाचला तरी पोटात कालवतं.

योगायोग बघा, रूझवेल्ट डाकोटात उतरला त्याच महिन्यात, १५ सप्टेंबर १८८३ ला, मुंबईत आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघं होते. त्या सोसायटीतही शिकारी मंडळी भरपूर होती. म्हणजे जनावरांच्या नोंदी ठेवणारे आणि जनावरं मारणारे हे तेव्हा वेगळे लोक नव्हतेच, इथेही आणि तिथेही.

पुढे १४ फेब्रुवारी १८८४ ला रूझवेल्टची आई आणि बायको एकाच दिवशी, एकाच घरात गेल्या. डायरीत त्याने त्या दिवसावर मोठी फुली मारून ठेवलीय. मग तो डाकोटात जाऊन राहिला, गुरं पाळली, शिकारी केल्या, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात बरीचशी गुरं मेली. या काळात त्याला जवळून दिसलं की एल्क हे मोठं हरीण, पहाडी मेंढे, हरणासारखं प्राँगहॉर्न हे सगळेच बायसनच्या वाटेने चाललेत.

दुसरा माणूस जॉर्ज बर्ड ग्रिनेल, आणि माझ्या मते क्लबची खरी अक्कल याची. फॉरेस्ट अँड स्ट्रीम या साप्ताहिकाचा संपादक, १८७५ मध्येच यलोस्टोनला जाऊन आलेला आणि तिथली कातड्यासाठीची कत्तल बघून सरकारी रिपोर्टाला जोडून इशारा लिहिलेला. रूझवेल्टचं शिकारीवरचं पुस्तक १८८५ मध्ये आलं, त्याचं परीक्षण ग्रिनेलने लिहिलं, कौतुक केलं पण लेखक नवखा आहे, ऐकीव गोष्टी खऱ्या मानतोय असंही स्पष्ट म्हटलं. रूझवेल्ट तडक ऑफिसात जाऊन धडकला. दोघं पुस्तक उघडून बसले, एकेक मुद्दा बोलले आणि तिथून मैत्री झाली.

मग ते १८८७ चं मॅनहॅटनमधलं जेवण. डझनभर मंडळी, सगळे रूझवेल्टच्या ओळखीचे, सगळे खात्यापित्या घरचे. नाव दिलं डॅनियल बून आणि डेव्ही क्रॉकेट या दोन जुन्या रानगड्यांचं, पहिला अध्यक्ष रूझवेल्ट. मेंबर जास्तीत जास्त शंभर, आणि अट अशी की अमेरिकेतलं मोठं जनावर रायफलने मारलेलं हवं, तेही रीतसर माग काढून.

हे रीतसर म्हणजे काय ते क्लबच्या घटनेत लिहून ठेवलं होतं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. अस्वल, लांडगा, कूगर (तिकडचा पहाडी सिंह) सापळ्यात धरून मारायचा नाही. रात्री उजेड दाखवून हरणाचे डोळे चमकले की गोळी घालायची, हे चालणार नाही. पोहणारं जनावर होडीतून मारायचं नाही. आणि एक प्रकार होता तो वाचून अंगावर काटा येतो, बर्फाच्या वर कडक पापुद्रा धरला की त्यावरून माणूस आणि कुत्री पळू शकतात पण मूस या भल्यामोठ्या हरणाचं वजन पापुद्र्याला पेलत नाही, पाय आत फसतात, ते जागीच अडकतं आणि मग जवळ जाऊन मारायचं. तेही बंद. जनावराला सुटायची संधी पाहिजे, एवढं साधं तत्त्व. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना मिसिसिपीत रूझवेल्टने झाडाला बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, ज्यावरून टेडी बेअर आलं, ते याच नियमाला धरून होतं.

नियम मेंबरांपुरते, पण बाहेर कायदा लागणार होता. यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं खरं, पण तिथे जनावर मारणाऱ्याला शिक्षाच नव्हती. १८८६ पासून लष्कर राखणीला होतं, तेही फार तर सामान जप्त करून माणसाला हाकलून द्यायचं. क्लबवाले वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घालत होते आणि रेल्वेवाले उद्यानातून रूळ टाकायला टपलेले, बिलं अडायची.

फरक पडला मार्च १८९४ मध्ये. एडगर हॉवेल नावाचा शिकारी पेलिकन व्हॅलीत बायसन मारून सोलत बसलेला फेलिक्स बर्जेस या उद्यानात गस्त घालणाऱ्या स्काउटला लांबून दिसला. मध्ये उघडं बर्फाचं मैदान, बर्जेसकडे फक्त रिव्हॉल्वर, हॉवेलची रायफल मेलेल्या बायसनला टेकवलेली, कुत्रा बाजूला झोपलेला. वारा उलटा होता म्हणून कुत्र्याला वास गेला नाही. बर्जेस स्कीवरून सरकत सरकत अगदी जवळ गेला आणि त्याने हॉवेलला पकडलं. आणि मग? काही नाही, शिक्षाच नव्हती ना! पण फॉरेस्ट अँड स्ट्रीमचा एमर्सन हफ नेमका तिथे होता, त्याने बातमी पाठवली, ग्रिनेलने ती लावून धरली, लोक खवळले, खासदार जॉन लेसीने उद्यानात जनावर मारणाऱ्याला शिक्षा ठरवणारं बिल आणलं आणि ७ मे १८९४ ला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडची सही झाली. दोन महिन्यांच्या आत!

या कामाची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. पोटासाठी शिकार करणारे मूळनिवासी या नव्या व्यवस्थेत गुन्हेगार ठरले, बॅनॉक लोकांचा करारातला शिकारीचा हक्क १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने काढून घेतला. आणि क्लबचा वजनदार मेंबर मॅडिसन ग्रँट, ज्याने न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटी उभी करायला मोठा हातभार लावला, तो पुढे वंशवादाचा उघड प्रचारक झाला. मला हे खुपतं.

पण बायसन वाचले ते बऱ्याच अंशी याच मंडळींमुळे. झूऑलॉजिकल सोसायटी १८९५ मध्ये क्लबच्या लोकांनीच काढली, तिचं ब्राँक्समधलं प्राणिसंग्रहालय १८९९ मध्ये उघडलं, तिथे हॉर्नडेने कळप वाढवला, आणि ऑक्टोबर १९०७ मध्ये १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमातल्या विचिटा रानात पाठवले. ज्या रेल्वेने कातडी वाहून नेली तिच्याच डब्यातून ते परत आले. बघायला कोमान्ची या मूळनिवासी जमातीचा सरदार क्वाना पार्कर आला होता, आणि म्हातारी कोमान्ची आणि कायोवा माणसं नातवंडांना घेऊन आली होती, त्या नातवंडांनी जिवंत बायसन कधी पाहिलाच नव्हता.