मेल येतात पण जात नाहीत? आवक वेगळी, जावक वेगळी

धंतोलीतल्या एका वकीलसाहेबांचा परवा सकाळीच फोन. "मेल तर येऊन राहिले ना भाऊ! म्हणजे नेट बरोबर, पासवर्ड बरोबर. मग पाठवायलाच काय धाड भरली?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडलं.

त्यांच्याच ऑफिसात दोन रजिस्टरं आहेत, एक आवक, एक जावक. आवकमध्ये नोंद झाली म्हणजे जावकमध्येही झाली, असं त्यांचा कारकून जन्मात म्हणणार नाही. कॉम्प्युटरपुढे बसलं की मात्र सगळे हेच म्हणतात.

आवक म्हणजे सर्व्हरवरून मेल आणणं. त्याच्या दोन पद्धती: आयमॅप (मेल सर्व्हरवरच राहतात) किंवा पॉप (मेल मशीनवर उतरवून घेतले जातात). पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, ९९३ किंवा ९९५. मेल दिसतायत ना? मग तिकडे हात लावू नका.

जावकचं काम एसएमटीपीकडे, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीकडे. सर्व्हर वेगळा, पोर्ट वेगळा, आणि खरी मेख म्हणजे मेलच्या प्रोग्राममध्ये (आउटलुक, थंडरबर्ड वगैरे) साठवलेला पासवर्डही बरेचदा वेगळा. १९८२ सालच्या मूळ एसएमटीपीत पासवर्ड विचारायची सोयच नव्हती, ती १९९९ मध्ये जोडली गेली. आउटलुकच्या जुन्या सेटिंगमध्ये 'जाणाऱ्या सर्व्हरला लॉगिन लागतं' अशी वेगळी खूण करावी लागायची, ती त्यातूनच आलेली. आता होतं असं: तुम्ही ब्राउझरमध्ये पासवर्ड बदलता. प्रोग्राम मेल आणायला जातो, अडतो, नवा पासवर्ड मागतो, तुम्ही देता. काम झालं असं वाटतं. पण तो फक्त आवकच्या वहीत लिहिला गेला, जावकमध्ये जुनाच पडून आहे. थंडरबर्डमध्ये साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडा, आयमॅप आणि एसएमटीपी अशा दोन स्वतंत्र नोंदी दिसतील. एसएमटीपीची उडवा आणि मेल पाठवा, तो नवा पासवर्ड विचारेल. जीमेलवाल्यांनी ॲप पासवर्ड (अशा प्रोग्रामसाठी गूगलकडून घेतलेला वेगळा पासवर्ड) वापरला असेल तर खात्याचा पासवर्ड बदलताच तो रद्द होतो. नवा सोळा अक्षरी घ्यायचा आणि दोन्हीकडे टाकायचा. दोन्हीकडे!

एररमध्ये ५३५ आकडा दिसला की भानगड लॉगिनची, बहुतेकदा पासवर्डचीच. आकडा नाही, नुसता 'टाइमआउट' आला, म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही, तर गोष्ट पासवर्डपर्यंत पोचलेलीच नाही. तिथे पोर्ट बघा, नाहीतर अँटिव्हायरस. घरचं ब्रॉडबँड बदलल्यावर हे सुरू झालं असेल तर बहुतेक जुनं पोर्ट २५ असणार. ते सर्व्हर-सर्व्हरमधलं पोर्ट आहे आणि अनेक इंटरनेट कंपन्या ते बंदच ठेवतात. त्याऐवजी ४६५ किंवा ५८७ टाका. ४६५ ला एसएसएल, ५८७ ला स्टार्टटीएलएस (दोन्ही मेल कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धती), जोड्यांची अदलाबदल नको. माझं मत विचाराल तर ४६५.

मेल गेला पण 'सेंट'मध्ये दिसत नाही, हे दुखणं निराळं. तिथे फक्त प्रत ठेवायची राहिलीय, मेल निघालाय. पुन्हा पाठवू नका.

आणि कोणी "अकाउंट डिलीट करून नव्याने टाका" म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पॉपवर सर्व्हरवरची प्रत राखलेली नसेल तर वर्षानुवर्षांचे मेल त्याच मशीनवर असतात, अकाउंटसोबत तेही जाऊ शकतात.

वकीलसाहेबांनी जावकमध्ये नवा पासवर्ड टाकला आणि आउटबॉक्समधलं सगळं धडाधड निघालं. एकच नोटीस चार वेळा गेली, कारण जात नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा पाठवत होते.