कोलकॅननची पार्श्वभूमी: हॅलोवीनच्या रात्री हाच पदार्थ का?

आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री कोलकॅनन करतात. कुस्करलेला बटाटा, उकडून चिरलेलं केल (कोबीच्या कुळातली, गड्डा न धरणारी पालेभाजी) किंवा कोबी, पातीचा कांदा, गरम दूध आणि मधोमध वितळणारं लोणी, एवढाच त्याचा पसारा. हा पदार्थ याच रात्रीचा का झाला, हे समजायला तिथल्या गुराढोरांचं आणि शेताचं वर्ष बघावं लागतं.

बटाटा येण्याआधी आयरिश स्वयंपाकघर ओट, बार्ली आणि दुधावर चालायचं. १ मेला, म्हणजे बेल्टेन या सणाला, गुरं डोंगरावरच्या कुरणांत जायची. तिथेच दूध घुसळून लोणी निघायचं, ताक आणि दही व्हायचं. दुधाच्या या सगळ्या पदार्थांना मिळून ‘पांढरं अन्न’ असंच नाव होतं. १ नोव्हेंबरला साउइन, म्हणजे हिवाळ्याचा पहिला दिवस. तोवर गुरं खाली यायची, दूध आटत जायचं आणि उन्हाळ्यात खारवून ठेवलेल्या लोण्याला हात लागायचा.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस बटाटा आला आणि त्याने वर्षाचा दुसरा अर्धा भाग व्यापला. ऑक्टोबरअखेर मुख्य पीक काढून खड्ड्यात साठवलेलं असायचं. त्याच सुमारास केलवर पहिलं गोठलेलं दव पडतं.  थंडी लागली की त्याच्या पानांत साखर वाढते आणि कडवटपणा उतरतो. भरलेला बटाट्याचा खड्डा, गोडावलेलं केल आणि राखून ठेवलेलं लोणी या तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या साउइनच्या तोंडावर. त्यात ३१ ऑक्टोबर ही सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ असल्याने कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असे. उपवासाला बटाटा ही गोष्ट आपल्याला काही परकी नाही.

विल्यम बल्कली या वेल्श गृहस्थाच्या डायरीत ३१ ऑक्टोबर १७३५ या तारखेला डब्लिनमधल्या अशाच एका जेवणाची नोंद आहे. त्यात कोबी, बटाटा आणि पार्सनिप (गाजरासारखं पांढरट मूळ) एकत्र केलेले होते. पार्सनिप पुढे मागे पडलं. कोलकॅनन हे नाव ‘पांढऱ्या डोक्याचा कोबी’ या अर्थाच्या आयरिश शब्दांवरून आलं असं मानतात.

या भरल्या ताटाची किंमत कळायची ती जुलैत. खड्ड्यातला बटाटा मे-जूनपर्यंत टिकायचा. मग त्याला कोंब फुटायचे आणि तो सुरकुतायचा. नवा बटाटा जुलैच्या शेवटच्या रविवारच्या आसपास निघायचा. मधल्या उपासमारीच्या आठवड्यांना ‘कोबीचा जुलै’ म्हणत, कारण घरात शिजवायला तेवढाच पाला उरायचा. १८४५ पर्यंत सुमारे तीस लाख लोक जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होते. कष्टाचं काम करणारा गडी दिवसाला ५ ते ६ किलो बटाटे खायचा. त्या वर्षी करपा आला आणि पीक जमिनीतच सडलं. १८४१च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ला ६५ लाखांवर आली. दुष्काळाने आणि रोगराईने दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली. कोलकॅननकडे साधी बटाट्याची भाजी म्हणून पाहता येत नाही ते यामुळे.

आता करण्याची रीत. चार जणांना १ किलो बटाटे, देठ काढलेलं २५० ग्रॅम केल, २०० मिली दूध, १०० ग्रॅम लोणी आणि पातीचे ४-५ कांदे लागतात. बटाटा पिठूळच हवा. तिकडे केर्स पिंक किंवा रूस्टर घेतात. चिकट जातीचा बटाटा कुस्करला की त्याची खळ होते. मिक्सर लावला तर चांगल्या बटाट्याचीही तीच गत होते, कारण पेशी फुटून आतला स्टार्च बाहेर येतो. जुन्या घरांत यासाठी ‘बीटल’ नावाचं मुसळासारखं लाकडी दांडकं असायचं. बटाटे सालासकट खारट पाण्यात उकडावेत, निम्मे शिजल्यावर बरंचसं पाणी ओतून झाकण ठेवावं आणि उरलेल्या वाफेवर होऊ द्यावेत. गरम असतानाच सोलावेत. केल वेगळं ५-६ मिनिटं उकडून घट्ट पिळावं. इथे आळस केला की सगळं पाणचट होतं. पातीचा कांदा दुधात घालून एक उकळी आणावी आणि ते दूध गरमच कुस्करलेल्या बटाट्यावर ओतून त्यात केल आणि निम्मं लोणी मिसळावं. थंड दुधाने बटाटा निवतो, गुठळ्या राहतात आणि लोणी नीट मुरत नाही. लोणी खारं असेल तर मीठ शेवटी चव बघून घालावं.

वाढताना ढिगाच्या मध्ये खळगा करून उरलेलं निम्मं लोणी त्यात सोडतात. मुलं कडेपासून आत खात जातात आणि प्रत्येक घास त्या तळ्यात बुडवतात. बांध फुटू न देता शेवटच्या घासापर्यंत लोणी पुरवायचं, ही खरी कसरत. याच ढिगात कागदात गुंडाळलेली अंगठी, नाणं किंवा शिवणाचं अंगुस्तान लपवलेलं असायचं. अंगठी सापडली की लग्न, नाणं म्हणजे पैसा, अंगुस्तान म्हणजे अविवाहित राहणं. बार्मब्रॅक या बेदाण्यांच्या पावातही अशीच अंगठी घालतात. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांकडून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या वह्यांत हॅलोवीनच्या रात्रीचे असे खेळ आणि खाणं गावागावांच्या तपशिलासह नोंदलेलं आहे.

उरलेलं कोलकॅनन दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर थोड्या लोण्यात थापावं आणि मध्यम आचेवर खालून तांबूस खरपूस होईपर्यंत हलवू नये. लवकर उलटलं तर मोडतं.