टीजी वेगळे, एमएसएम वेगळे : सांगली-साताऱ्यातल्या एचआयव्ही कामाची पार्श्वभूमी

सांगली-सातारा पट्ट्यात एमएसएम म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्सजेंडर म्हणजे टीजी, या लोकांसाठी एचआयव्ही रोखायचे जे टीआय प्रोजेक्ट चालतात, त्यात नव्यानं कामाला लागलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एकाच स्टँडवर, एकाच नदीकाठी भेटणाऱ्या माणसांची नावं दोन वेगळ्या रजिस्टरला का, आणि काही जणांची कुठल्याच रजिस्टरला का नाहीत? हे कळायला मागचं थोडं बघावं लागतं. एचआयव्ही कसा होतो, कसा होत नाही हे सगळ्यांना माहिती आहे, त्यात जात नाही.

अगदी सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. देशात पहिल्या केसेस १९८६ ला चेन्नईत सापडल्या, राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा १९९२ ला सुरू झाला, आणि त्याच वर्षी सांगलीत गोकुळनगरसारख्या वस्तीत धंदा करणाऱ्या बायकांबरोबर एका संस्थेनं कामाला हात घातला. तेव्हा सगळं लक्ष बायकांवर आणि हायवेच्या ट्रक ड्रायव्हरांवर. शिरवळ, सातारा, कऱ्हाड, पेठ नाका हा पुणे-बेंगळुरू रस्ता, इकडं मिरज जंक्शन, म्हणजे माणसांची ये-जा प्रचंड. पुरुष-पुरुष संबंधांबद्दल सरकारी कागदात जवळजवळ काही नव्हतं. पण एक गोष्ट या काळातली खूप मोलाची आहे, कंडोम वाटायचं आणि समजवायचं काम बाहेरच्या ताईंनी न करता वस्तीतल्या बायकांनीच करायचं ही पद्धत सांगलीत फार लवकर रुजली, बायकांनी स्वतःची संघटना उभी केली, आणि पुढं पोरांच्या आणि तृतीयपंथीयांच्या गटांनी उचलली ती हीच रीत. पुढं अमेरिकेनं मदतीच्या पैशाला वेश्याव्यवसायविरोधी शपथेची अट घातली, तेव्हा २००५ च्या सुमारास सांगलीतून ते पैसे सोडून देण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी बसून एवढा मोठा निधी नाकारायला छाती लागते, आणि इथल्या सगळ्या कामाच्या स्वभावात ते उतरलंय असं मला वाटतं.

१९९९ ला दुसरा टप्पा आला आणि टार्गेटेड इंटरव्हेन्शन म्हणजे टीआय हा शब्द आला. एमएसएमचं काम मोठ्या शहरांत सुरू झालं होतं, पण डोक्यावर कलम ३७७ होतं, म्हणजे पुरुष-पुरुष संबंध हा गुन्हाच. २००१ मध्ये लखनौत एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच या कलमाखाली उचललं आणि महिना-दीड महिना आत ठेवलं, ती बातमी सगळीकडं पोचली आणि कंडोमची पिशवी घेऊन रात्री फिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या पोटात गोळा आला. २००६ ला तर कोर्टात एकाच सरकारची दोन तोंडं दिसली, एड्स नियंत्रणाची यंत्रणा म्हणाली की हे कलम आमच्या कामाच्या आड येतंय, आणि गृह खात्याचं म्हणणं होतं कलम राहू दे.

आमच्या भागात खरं काम उभं राहिलं ते तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२. लागणीच्या प्रमाणावरून जिल्ह्यांचे ए, बी, सी, डी असे गट पाडले, ए म्हणजे सगळ्यात जास्त, महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे ए मध्ये गेले आणि सांगली-सातारा त्यातच. सिव्हिलमध्ये डापकू म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रणाचं ऑफिस झालं, आयसीटीसी म्हणजे समुपदेशन-तपासणीची केंद्रं वाढली, मॅपिंग झालं. मॅपिंग म्हणजे काय, तर संध्याकाळी सात ते रात्री अकरा स्टँडची मागची बाजू, स्टेशन, नदीकाठ, बागा, धाब्यांचे पट्टे फिरायचं, कोण कुठं कधी येतं ते ओळखीच्या पोरांकडून काढून घ्यायचं आणि हाताने नकाशा काढून त्यावर आकडे टाकायचे. मग लाइन लिस्ट, म्हणजे माणसांची यादी. प्रत्येकाला कोड नंबर, साधारण साठ जणांमागं एक पिअर म्हणजे त्यांच्यातलाच कार्यकर्ता, तीन महिन्यांनी आरएमसी म्हणजे डॉक्टरकडची नेहमीची तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट, कंडोम आणि जेल म्हणजे वंगण. जेल कागदावर कायम असायचं, स्टॉकमध्ये कधी असायचं कधी नसायचं, आणि जेल नसेल तर नुसतं कंडोम देऊन अर्धंच काम होतं हे वरच्यांना पटवण्यात वर्षं गेली.

डीआयसी म्हणजे ड्रॉप इन सेंटर हा त्या काळातला सगळ्यात मोठा बदल. दोन खोल्या, सतरंजी, भिंतीवर मोठा आरसा, एका कपाटात कौन्सेलरची रजिस्टरं. तालुक्याच्या गावाहून बाजाराच्या निमित्तानं आलेला पोरगा पिशवीतून साडी काढून तिथं नेसायचा, टिकली लावून आरशासमोर दोन तास बसायचा, गप्पा मारायचा, परत पुसून शेवटची एसटी पकडायचा. ऑडिटवाल्यांनी आरशाचा खर्च कशाला असं विचारलेलं आहे. आरसा होता म्हणून ती पोरं यायची आणि आली म्हणून टेस्ट व्हायची, त्यामुळं माझ्या दृष्टीनं तो खर्च कंडोमइतकाच गरजेचा होता.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर अजून भांडणं होतात. तिसऱ्या टप्प्यापर्यंत हिजडा, ट्रान्सजेंडर, जोगते (यल्लम्माला सोडलेले पुरुष) हे सगळे एमएसएमच्या छत्रीखालीच मोजले जायचे. फॉर्मवर कोती (बायकी वळणाचे), पंथी (त्यांचे पुरुषी जोडीदार), डबल डेकर (दोन्ही भूमिका घेणारे) असे रकाने, त्यातच कुठंतरी टीजी. हे चुकीचंच होतं. जी स्वतःला बाई म्हणते तिला पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष अशा नावाच्या रजिस्टरला लिहायचं, सिव्हिलला केसपेपरवर मेल टाकायचं, पुरुषांच्या वॉर्डात खाट द्यायची, मग ती दुसऱ्यांदा येईलच कशाला. शिवाय आकड्यांत एकाच्या आड दुसरा लपायचा. २०१४-१५ च्या देशपातळीवरच्या मोठ्या पाहणीत दोन्ही वेगळे काढले तेव्हा एमएसएममध्ये ४.३ टक्के आणि ट्रान्सजेंडरमध्ये ७.५ टक्के एचआयव्ही निघाला, म्हणजे एकत्र मोजण्यात कुणाचं नुकसान होत होतं ते उघड आहे. हिजडा समाजातून वेगळ्या कार्यक्रमाची मागणी आधीपासूनच होती आणि चौथ्या टप्प्यात, २०१२ नंतर, ती मान्य झाली. टीजी टीआय वेगळा, त्याच्या गाइडलाइन वेगळ्या, हार्मोन, लिंग काढून घेतल्यानंतरची काळजी, गुरूंशी बोलणं, हे सगळं त्यात आलं. त्याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही, निर्णय बरोबर होता.

गडबड झाली ती जिल्ह्यात उतरवताना. टीआयचं बजेट माणसांच्या आकड्यावर ठरतं, ठरावीक संख्या भरली तरच प्रोजेक्ट. मुंबई-ठाणे-पुण्यात हिजड्यांची घराणी आहेत, गुरू-चेले एका जागी राहतात, मोजणी होते. सांगली-साताऱ्यात तसं घराण्यात राहणारे कमी, आणि जे आहेत ते सांगली-मिरज, सातारा, कऱ्हाड असल्या शहरांत. बाकी आपल्याकडं आहेत जोगते.

जत, कवठेमहांकाळ, आटपाडी भागातला एखादा जोगता घ्या. लहानपणी डोक्यात जट आली किंवा चालण्या-बोलण्यावरनं घरच्यांना वाटलं म्हणून यल्लम्माला सोडलेला, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, मंगळवार-शुक्रवारी साडी नेसून परडी घेऊन जोगवा मागणार, चौंडकं वाजवणार, माघात सौंदत्तीला जाणार, मार्गशीर्षात जतची यात्रा करणार. उरलेल्या दिवसात शर्ट-पँट घालून द्राक्षबागेत छाटणीला जाईल. कैक जणांची लग्नं झालीत, पोरं आहेत, बायकोला सगळं माहिती असतं किंवा नसतं. लैंगिक संबंध पुरुषांशीही, घरीही. विचारलं तू कोण तर तो सांगणार, मी आईचा. टीजी म्हणणार नाही आणि एमएसएम तर त्याच्या कानावरही गेलेलं नसतं.

आता ह्याला कुठं लिहायचं? टीजीच्या यादीत टाकला तर तपासणीला आलेले म्हणायचे हा तर पँट-शर्टात बसलाय, बायको आहे, काढा. एमएसएममध्ये ठेवला तर टीजीचा आकडा भरत नाही, मग वेगळा प्रोजेक्ट मंजूर होत नाही आणि एकत्र म्हणजे कंपोझिट टीआयमध्ये सगळ्यांना कोंबलं जातं, जिथं बायकांच्या डीआयसीत एक दिवस ह्यांचा. आणि दोन प्रोजेक्ट झाले तर दोन्हीकडून त्याला ओढाओढ, कारण दोघांनाही टार्गेट आहे, एकाच माणसाचे दोन कोड व्हायचे, मग डुप्लिकेट काढायची मोहीम निघायची आणि त्यात कधी कधी दोन्हीकडचं नाव उडायचं. तो मात्र गावातच, त्याला ह्यातलं काही कळलेलंही नसायचं, फक्त पिअर यायचा बंद झाला एवढंच. पिअर शहरातला, साठ जणांचं टार्गेट स्टँडवर पूर्ण होत असेल तर जतला एका माणसासाठी कोण जाणार? खेड्यांसाठी लिंक वर्कर योजना आली खरी, पण गावच्या ओळखीतल्या लिंक वर्करपुढं जोगता मोकळा बोलणं अवघड आहे, गावात त्याचा मान देवाच्या माणसाचा आहे आणि तोच जायची भीती असते.

माझं मत सरळ आहे. रकाना माणसानं स्वतः सांगायचा आणि सेवा दोन्हीकडच्या मिळायच्या, एवढं केलं असतं तर वेगळं करण्याचा फायदा सगळ्यांना मिळाला असता. वरून आलेल्या फॉर्ममध्ये एकच खूण करायची जागा, म्हणून इथली एक अख्खी परंपरा निसटली. देवदासींच्या बाबतीतही असंच झालं होतं, राज्याचा २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आणि त्याच्या आसपासच्या योजना बाई डोळ्यासमोर ठेवूनच केलेल्या, जोगता त्यातही बसला नाही. काही जण म्हणतात जोगत्यांमध्ये धोकाच कमी, ते धार्मिक लोक आहेत. हे ऐकलं की वाईट वाटतं, कारण यात्रेच्या काळात काय काय घडतं आणि रात्री मुक्कामाला कोण कोण येतं हे जोगत्यांनाच विचारलं तर ते सांगतात, पण आधी विचारायला हवं.

याच काळात कायद्याचं वर-खाली चाललं होतं. २००९ ला दिल्ली हायकोर्टानं ३७७ सैल केलं, तेव्हा पोलिसांशी बोलताना पिअरच्या आवाजात जोर आला. डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं. लगेच एप्रिल २०१४ ला त्याच कोर्टाचा नालसा खटल्यातला निकाल आला, तृतीयपंथीयांना ओळख मिळाली. म्हणजे सहा महिन्यांच्या आत एका रजिस्टरमधले परत गुन्हेगार आणि दुसऱ्या रजिस्टरमधले हक्कदार नागरिक, आणि जोगता दोन्हीच्या मधे. कोती म्हणून लिहिलेली बरीच पोरं त्या वेळी मला टीजीमध्ये लिहा म्हणून आली, त्यात स्वतःला खरंच तसं मानणारी होती आणि पोलिसांना भिऊन आलेलीही होती, कौन्सेलरनं कुणाला नाही म्हणायचं? सप्टेंबर २०१८ ला ३७७ मधला तो भाग कायमचा गेला, त्याच महिन्यात एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा लागू झाला, ज्यात माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी कायद्यानं आली. लाइन लिस्टची रजिस्टरं कुलपात जायला लागली ती तेव्हापासून.

पैशाचं म्हणाल तर चौथ्या टप्प्यात हालच झाले. परदेशी निधीवरचे प्रोजेक्ट सरकारकडं आले होते, आणि २०१४-१५ पासून केंद्राचा पैसा राज्याच्या तिजोरीतून यायला लागला, मग महिनोन्महिने मानधन नाही. ज्या पिअरला मुळातच तुटपुंजं मिळतं त्यानं उधारीवर एसटीचं भाडं काढून हॉटस्पॉटला जायचं, आणि तरीही जाणारे गेले हेही लिहून ठेवलं पाहिजे. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी शिरलं, २०२० ला लॉकडाऊन लागलं, दोन्ही वेळा एआरटीच्या म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या लोकांपर्यंत पोचवताना ही पिअरची साखळीच कामाला आली.

औषधाच्या बाजूनं मात्र चांगलं घडत गेलं. फुकट एआरटी २००४ ला मोजक्या मोठ्या हॉस्पिटलांत सुरू झाली होती, तेव्हा आपल्याकडच्या माणसाला गोळ्यांसाठी मुंबई गाठावी लागायची. मग केंद्रं जवळ आली, सीडीफोर म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी किती खाली गेल्यावर गोळ्या द्यायच्या ती मर्यादा वाढत गेली आणि २०१७ पासून पॉझिटिव्ह आला की लगेच गोळ्या. आता दिवसाला एक टीएलडीची गोळी, त्यात तीन औषधं एकत्र. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण दबलेलं असेल तर संबंधातून लागण होत नाही, ही गोष्ट जोगत्याच्या बायकोपर्यंत पोचवायची कुणाची जबाबदारी हे मात्र अजून कुठल्याच प्रोजेक्टच्या कागदावर स्पष्ट नाही.

२०२१ पासूनच्या पाचव्या टप्प्यात स्टँड-नदीकाठची गर्दी फोनवर गेली, पोरं ॲपवर भेटतात, त्यामुळं व्हर्च्युअल आउटरीच म्हणजे त्यांना फोनवरच गाठणं आलं, संपूर्ण सुरक्षा केंद्रं आली ज्यात कुठल्या रकान्यातले आहात हे न बघता धोका असलेल्या कुणालाही सेवा द्यायची असं ठरलं. प्रेपची म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीची राष्ट्रीय गाइडलाइन २०२२ ला आली, पण जिल्ह्यात प्रेप मागणाऱ्याला बहुतेक वेळा अजून खाजगी डॉक्टरच गाठावा लागतो. हार्मोनसाठी साताऱ्याकडच्या लोकांना पुणं जवळ, तिथलं ट्रान्स लोकांनीच चालवलेलं क्लिनिक २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली तसं बंद पडलं. ओळखपत्राचं काम २०१९ च्या कायद्यानंतर कलेक्टर ऑफिसच्या प्रमाणपत्रावर गेलं, आणि टीआयच्या कौन्सेलरचा बराच वेळ आता आधार, रेशन कार्ड आणि पोर्टलवरच्या अर्जात जातो. जोगत्यांपैकी ज्यांनी असा अर्ज केलाय ते शहरात राहायला आलेले आहेत. गावातल्यांनी केलेला नाही, कारण त्या कागदावर लिंग बदललं की शेताच्या उताऱ्यावरचं नाव आणि बायकोचं काय होणार, याचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नाही.