आधी शस्त्रक्रिया, मागाहून पथ्य

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हातात पडणारा पथ्याचा तक्ता कुणी एका बैठकीत आखलेला नाही. त्यातली जवळपास प्रत्येक ओळ कुणाला तरी झालेल्या त्रासातून आली आहे.

1954 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन आणि लिनर या सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची कल्पना मांडली. हिशेब सरळ होता: शोषलंच नाही तर अंगी लागेल कसं? वजनं उतरली, पण जुलाब थांबेनात, काहींचं यकृत निकामी झालं. मूतखड्यांचं कोडं तर विलक्षणच. न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवायची, त्यामुळे एरवी कॅल्शियमशी बांधलं जाणारं अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात शिरायचं आणि मूत्रपिंडात खडे करायचं.

आयोवाचे सर्जन एडवर्ड मेसन यांनी वेगळी गोष्ट हेरली होती. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्यांचं वजन सहसा वाढत नसे. 1966 मध्ये सहकारी इटो यांच्यासह त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली. जठराची लहानशी पिशवी ठेवून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. लोह मुख्यतः जिथे शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भागच अन्नाच्या वाटेतून वगळला गेला, म्हणून लोहाच्या गोळ्या आल्या. गोड खाल्लं की घाम, धडधड, पोटात कळा. म्हणून साखरेवर बंदी.

चयापचयाचं गणित उमगायला मात्र फार उशीर झाला. सर्जन मंडळी हे सगळं नळजोडणीचं काम समजत होती! 1995 मध्ये सर्जन वॉल्टर पोरिस यांनी बायपासनंतरच्या मधुमेहींची माहिती प्रसिद्ध केली. वजन फारसं उतरण्याआधी, काही दिवसांतच, अनेकांची साखर ताळ्यावर आली होती. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोहोचलं की इन्सुलिन वाढवणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात, हे पुढे स्पष्ट झालं. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक 1999 मध्ये जपानमध्ये सापडलं.

वजनाबरोबर शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्चही घटतो आणि चरबीसोबत स्नायूही झिजतात. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांचा आग्रह त्यासाठीच असतो. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं दुखणं अधिक फसवं आहे. यकृतातला साठा बराच काळ, कधी काही वर्षंही पुरतो. गोळ्या सोडलेला माणूस तोवर ठणठणीत असतो, आणि मग एके दिवशी पायाला मुंग्या येऊ लागतात.