जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी

नागपूरच्या नळांना पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राकडे जातं, आणि हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाणी, तेल, रसायनं चोवीस तास इकडून तिकडे फिरत असतात. या कामांना जुंपलेलं यंत्र बहुतेक वेळा एकच, सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे आतलं चाक गरगर फिरवून द्रव ढकलणारा पंप. त्यात सर्वांत आधी दगा देणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, तोलून धरणारं बेअरिंग: दोन रिंगा आणि त्यांच्यामध्ये पोलादी छर्रे. फिटर हाऊसिंगवर, म्हणजे बेअरिंग बसवलेल्या घरावर, स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, ‘बेरिंग बोलून राहिलं ना भाऊ.’

कानाला ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. रेसवर, म्हणजे छर्रे ज्या खोबणीतून फिरतात तिच्यावर, पहिली बारीक चीर पडते तेव्हा धातूत उमटणारी कंपनं 20 किलोहर्ट्झच्या वरची, म्हणजे माणसाच्या कानापलीकडची असतात. पुढे चिरेचा खड्डा होऊन वाढला की कंपनमापक यंत्र त्याची जागाही सांगतं. मिनिटाला 1480 फेरे घेणाऱ्या शाफ्टवर 8 छर्‍यांचं बेअरिंग असेल, तर बाहेरच्या रेसवरचा खड्डा सेकंदाला साधारण 79 ठोके देतो आणि आतल्या रेसवरचा 118 च्या आसपास.

बेअरिंगचं गणिती आयुष्य काढायची पद्धत ठरलेली आहे. शंभरातली नव्वद बेअरिंग जितके तास टिकतील, ते तास. तेल-रसायन उद्योगातल्या पंपांसाठीचं एपीआय 610 हे मानक किमान 25,000 तास मागतं, म्हणजे अखंड चालवला तर जवळजवळ तीन वर्षं. तरीही कित्येक पंपांवर दर सहा-आठ महिन्यांनी नवं बेअरिंग चढतं. पोलाद थकून मेलं असतं तर इतक्या लवकर मेलं नसतं, त्याला कुणीतरी मारलेलं असतं. माझ्या मते बेअरिंग बदलण्याच्या कामातला महत्त्वाचा अर्धा तास नवं बसवण्याचा नसून जुनं कापून बघण्याचा आहे, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो.

बाहेरची रिंग कापून, पुसून उजेडात धरली की छर्‍यांच्या वाटेचा मळकट पट्टा दिसतो. आडव्या पंपात शाफ्टचा भार खाली असतो, म्हणून निकोप बेअरिंगमध्ये हा पट्टा बाहेरच्या रिंगच्या खालच्या भागातच आणि खोबणीच्या मधोमध असतो. आतली रिंग फिरत असल्यामुळे तिच्यावर तो पूर्ण गोल उमटतो. बाहेरच्या रिंगवरचा पट्टा तिरका, एका बाजूला खोबणीच्या या काठाला आणि समोर त्या काठाला गेलेला दिसला, तर रिंग हाऊसिंगमध्ये वाकडी बसली होती. पूर्ण गोल पण एकाच काठाकडे सरकलेला असेल, तर शाफ्टला लांबीच्या दिशेने कुणीतरी रेटत होतं. छर्‍यांच्या अंतराइतक्या अंतरावर ठसे दिसले तर दोन संशयित. एक, बसवताना मारलेला हातोडा. दुसरा जास्त मजेशीर आहे. पंप बंद, राखीव म्हणून उभा, आणि शेजारचा चालू पंप पायातून त्याला थरथरवत राहिला. न फिरता झिजलेलं बेअरिंग! राखीव पंपाचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवायचा, तो यासाठीच. आणि रेसवर धुण्याच्या पाटीसारख्या आडव्या रेघा असतील, तर मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमुळे बेअरिंगमधून वीज वाहत होती.

जादा भाराची किंमत जबर असते. छर्‍यांच्या बेअरिंगवर भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांशावर येतं. हा भार बहुतेकदा मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगच्या वाकड्या अलाइनमेंटमधून किंवा व्हॉल्व्हमधून येतो. पंप ठरलेल्या प्रवाहावर चालतो तेव्हा इम्पेलर या आतल्या चाकाभोवतीचा दाब जवळपास सारखा असतो. पंपाबाहेर जाणाऱ्या पाइपवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळला की दाब एका बाजूला चढतो, शाफ्ट वाकतो आणि गळती रोखणारं सील व बेअरिंग दोघंही भरडले जातात. ‘थोडा मोठाच घेऊ’ म्हणून खरेदी केलेले पंप पुढे जन्मभर आवळलेल्या व्हॉल्व्हवर चालतात. बिचाऱ्या फिटरला बोल लावण्यात अर्थ नाही.

नागपूरचं हवामानही यात आपला वाटा उचलतं. छर्रा आणि रेस यांच्यातला वंगणाचा थर अनेकदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. बेअरिंगचं तापमान 70 अंशांवर गेलं की पुढच्या दर 15 अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. इथल्या जानेवारी आणि मे महिन्यातल्या दुपारच्या तापमानातला फरकही जवळपास तेवढाच. म्हणजे आधीच तापट असलेल्या पंपाला उन्हाळ्यात ग्रीस देण्याचं हिवाळ्याचं वेळापत्रक चालत नाही. मात्र जास्त वेळा म्हणजे जास्त ग्रीस नव्हे. 100 मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि 25 मिलिमीटर रुंदीच्या 6309 क्रमांकाच्या बेअरिंगला एका वेळी सुमारे 12 ग्रॅम पुरतं. ग्रीस गनचे हापके मारून हाऊसिंग ठासून भरलं तर ते ग्रीस घुसळलं जाऊन स्वतःच तापतं. बेअरिंगला ग्रीसऐवजी तेलाचं वंगण असलेल्या पंपाचं दुखणं जूनमध्ये सुरू होतं. पावसाची सर पडून गरम हाऊसिंग थंड झालं की ब्रीदरमधून, म्हणजे हाऊसिंगच्या हवेच्या छिद्रातून, दमट हवा आत ओढली जाते आणि तेलात पाणी साचतं.

आता बसवण्याकडे. 6309 मधल्या शेवटच्या 09 ला 5 ने गुणलं की आतला व्यास मिळतो, 45 मिलिमीटर. शाफ्ट त्याहून काही मायक्रॉन जाड ठेवलेला असतो, म्हणून बेअरिंग थंड असताना सहजी चढत नाही. इंडक्शन हीटरवर ते 110 अंशांपर्यंत नेलं, तर 40 अंशांच्या शेडमध्येही भोक सुमारे 38 मायक्रॉन मोठं होतं. केसाच्या निम्म्या जाडीएवढी ही जागा, पण बेअरिंग हाताने सरकून शाफ्टच्या खांद्याला, म्हणजे जाड भागाच्या पायरीला, टेकतं. गार होईपर्यंत ते तिथेच दाबून धरावं लागतं, नाहीतर आकसताना फट राहते. 125 च्या वर नेलं किंवा गॅसची ज्योत दाखवली तर पोलादाची कठीणता बिघडू शकते. थंड ठोकायचंच झालं तर जोर आतल्या रिंगवरच हवा. बाहेरच्या रिंगवर मारलेला प्रत्येक घाव छर्‍यांमधून जातो आणि रेसवर ठसा सोडतो. नंबरापुढे सी3 (आत जादा मोकळीक असल्याची खूण) लिहिलेलं असेल तर दुकानदाराने दिलेलं ‘तसंच पण साधं’ बेअरिंग घेऊ नये. आतली रिंग तापून फुगते, तिच्यासाठी ती जादा मोकळीक ठेवलेली असते.

पंप सुरू केल्यावर पहिले काही तास ग्रीस पसरेपर्यंत तापमान चढतं आणि मग उतरून स्थिरावतं. स्थिरावलं की कंपनाचं माप घेऊन तारखेसह लिहून ठेवावं. पुढच्या सगळ्या मापांची तुलना त्याच्याशीच करायची असते.