जमिनीवरची वाकळ भिंतीवर कशी चढली

नवी मुंबईतल्या दिवाणखान्यांत आता हाताने शिवलेली कापडी चित्रं दिसू लागली आहेत. चौकटीत बसवलेली, मागे पुठ्ठा, कधी वरून काच. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलांची प्रदर्शनं भरतात, तिथेही असल्या ‘टेक्स्टाइल आर्ट’समोर लोक थांबतात. जवळ जाऊन पाहिलं की त्यातला निम्मा टाका ओळखीचा निघतो. साधा धावदोरा. आमच्या आजीच्या वाकळेवर, म्हणजे गोधडीवर, हाच टाका होता. फरक एवढाच की ती वाकळ जमिनीवर असायची आणि पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा.

पुण्याकडे गोधडी, सातारा-कोल्हापूरकडे वाकळ. चार पदरी ती चौघडी, बाळासाठी शिवलेलं छोटं ते दुपटं. संस्कृतात कंथा, बंगालात कांथा. बंगालातल्या बायकांनी कांथावर कमळं, हत्ती, रथ भरले. आपल्याकडे कंथा म्हटलं की डोळ्यांपुढे जोगी येतो. गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडे महाराज म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांमुळे. मराठी माणसाच्या मनात गोधडीला वैराग्याचा किंवा गरिबीचा वास आहे, कलेचा नाही. पाहुणा आला की चादर वर आणि वाकळ खाली, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

खरं तर वाकळेचं तंत्र हुशार आहे. कापूस भरायचा तो रजईत. वाकळेत कापडावर कापड, बाकी काही नाही. नऊवार लुगडं साधारण सव्वाआठ मीटर, त्यामुळे एकाच लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही पदर निघत. मधल्या थरांत फाटकी धोतरं, सदरे, धडुती, जे हाताला लागेल ते. सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मोठे कच्चे टाके मारून थर जागच्या जागी धरायचे. मग कडेपासून आत, एकात एक चौकोन घालत, दोरे भरत जायचं. चार बाजूंना चार बायका बसल्या तर काम झपाट्याने सरकतं. शिवून झालेल्या भागावर बसत बसत त्या मध्याकडे येतात. दोऱ्याने कापड किंचित चुणतं, चुण्यांत हवा अडकते आणि ऊब धरते. ती सुरकुती म्हणजे शिवणाऱ्या हाताचा दोष नव्हे. हल्ली चौकटीतल्या चित्रावर इस्त्री फिरवून ती मोडतात, ते मला बघवत नाही.

ठिगळाचा रंग कुठे पडेल, हे बरंचसं नशिबावर. बरंचसं, सगळं नाही. लाल खणाचा तुकडा मधोमध आणि हिरवे चार कोपऱ्यांना, ही मांडणी आपोआप होत नसते.

ही वाकळ नवी मुंबईत आली ती माथाड्यांच्या बिऱ्हाडाबरोबर. मुंबईत मशीद बंदर आणि आसपासच्या घाऊक बाजारांत पाठीवर पोती वाहणारे कितीतरी हमाल सातारा जिल्ह्यातले, त्यातही पाटण-जावळीकडचे. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील स्वतः पाटण तालुक्यातले. 1969 साली माथाडी कायदा झाला. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-बेलापूर आणि पनवेल-उरण भागांतल्या गावांच्या जमिनी संपादन करून नवं शहर आखलं गेलं, आणि पुढे घाऊक बाजार एकेक करून तुर्भे-वाशीला हलले: आधी कांदा-बटाटा, मग धान्य आणि मसाला, 1996 च्या सुमारास भाजी आणि फळं. बाजारामागे माणसं आली. कोपरखैरणे, घणसोलीत माथाड्यांची घरं झाली, आणि गावाहून येणाऱ्या एसटीच्या टपावर बोचक्यात वाकळा.

शहरात पहिली अडचण जमिनीची. सात फूट बाय पाच फुटांची वाकळ शिवायला तेवढी मोकळी फरशी लागते, शिवाय भोवती बसायला जागा. छोट्या घरात पलंग, कपाट, टीव्ही आले की ती उरत नाही. म्हणून शिवण गेली गच्चीवर, जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये. धुण्याची अडचण त्याहून मोठी. गावी घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर जात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पिळतात. इथे नदी नाही. नवरात्राआधी इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ धुण्यावरून होणारी भांडणं आमच्या लहानपणी ठरलेली असत.

तरीही वाकळ मागे पडली ती जागेमुळे नाही. बायका आळशी झाल्या, मशीन आलं, ही कारणं लोक देतात, ती मला पटत नाहीत. कापड बदललं. सुती लुगडं वापरून वापरून मऊ होतं, झिरतं आणि अखेर दुसऱ्या कापडाला चिकटून बसायला तयार होतं. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी झिरत नाही. ती सुईखाली निसटते, थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाही, आणि शेगडीजवळ वितळते. दहा टेरीकॉट साड्या एकावर एक शिवल्या तरी त्याची वाकळ होत नाही, बोचकं होतं. गंमत अशी, की देशातल्या अगदी सुरुवातीच्या पॉलिएस्टर कारखान्यांपैकी एक ठाण्याचाच. 1960 च्या दशकात तिथे निघालेला ‘टेरीन’ घरोघर पोचला. पुढे 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी पनवेलच्या पुढे पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना चालू झाला. दोन्हींचा संबंध जोडण्याची गरज नाही. आमच्या घरातली शेवटची सुती वाकळ मात्र साधारण त्याच काळातली आहे.

ठाण्याचं कापडाशी नातं तसं फार जुनं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात चामड्याबरोबर बकरम (एका जातीचं कापड) आणि सुती कापड नोंदवलं आहे. 1925 मध्ये ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी उभी राहिली. यातलं काही वाकळेपर्यंत पोचलं नाही. सुटिंगच्या जाड कात्रणांत सुई घालून बघा, बोट दुखेल.

भिंतीवरच्या शिवणीची दुसरी वाट ठाण्यातल्या नौपाड्यासारख्या भागातल्या मध्यमवर्गी घरांतून आली. दुसुतीच्या किंवा मॅटीच्या कापडावर उलट्या-सुलट्या फुल्या, साखळी टाका, काजे टाका, गाठीचा टाका. दारावर ‘सुस्वागतम्’, टीव्हीवर झालर, मुलगी पाहायला आले की काढून दाखवायचे उशांचे अभ्रे. हे काम कौतुकाचं होतं. वाकळ शिवणारी आणि अभ्रे भरणारी यांची सुई एकच, पण एकीचं काम पाहुण्यांपुढे यायचं, दुसरीचं पाहुणे आले की आत जायचं.

बाहेरच्या जगात ही भिंत थोडी आधी पडली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकी गोधड्या पांढऱ्या भिंतींवर उभ्या टांगून दाखवल्या, जशी चित्रं टांगतात तशा. अंथरलेली गोष्ट उभी केली की बघणारा मागे सरकून बघतो, बस एवढंच झालं. आपल्याकडे ते सावकाश आलं, आणि आलं तेव्हा जुनी लुगडी संपत आली होती. म्हणून आजची बरीच कापडी चित्रं नव्या कोऱ्या सुती कापडाची, टेलरकडच्या कात्रणांची असतात, आणि झिरलेपणाचा आव आणायला ते कापड चारदा धुतात.

कुणी आजीचं खरं लुगडं घेऊन आलंच, तर आधी घड्या तपासाव्या लागतात. वर्षानुवर्षं ट्रंकेत राहिलेलं सूत घडीवरच तुटतं, सुई घातली की भोक मोठं होतं. अशा तुकड्याला मागून मलमल लावून, टाके दूर दूर घालतात. आमच्या वाकळेचा याच कारणाने एकच कोपरा वाचला: वीतभर, लाल काठाचा, आणि त्यावर आजीच्या धावदोऱ्याच्या सात ओळी.