बी पेशींचा बळी

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी फोनवर आलेला संदेश मला वाचून दाखवला: ‘आता एका इंजेक्शनात कॅन्सर बरा, औषध भारतातच तयार!’ औषध खरे आहे, बाकी अर्धसत्य. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या ‘नेक्सकार-१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती सर्व कर्करोगांसाठी नव्हे, तर बी पेशींपासून (प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी घडवणाऱ्या पांढऱ्या पेशींपासून) उद्भवणाऱ्या आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी. शिवाय ते दुकानात मिळत नाही, कारण ते रुग्णाच्याच रक्तातून घडवावे लागते.

डेंगीच्या दिवसांत इंदुरात ज्यांनी यंत्रावर प्लेटलेट दिल्या असतील, त्यांना याची सुरुवात ओळखीची वाटेल. हातातून निघालेल्या रक्ताचे यंत्रात थर होतात, हवा तेवढा थर पिशवीत जातो आणि उरलेले रक्त शरीरात परतते. मुठीत दाबायला चेंडू असतो आणि रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येतात. येथे प्लेटलेटऐवजी पांढऱ्या पेशी घेतात व त्यांतल्या टी पेशी, म्हणजे बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे त्यांच्यात बदल करून त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडतात.

टी पेशी मारण्यात तरबेज असते, पण तिची ओळखण्याची रीत किचकट आहे: समोरच्या पेशीने आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एका विशिष्ट रेणूवर मांडून दाखवले, तरच तिला शत्रू कळतो, आणि कर्करोगाच्या अनेक पेशी हे मांडणेच बंद करतात. उलट प्रतिपिंड पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू थेट पकडतो, पण त्याच्या अंगी टी पेशीची मारकशक्ती नसते. इस्रायलमधील झेलिग एशार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या दोहोंची सांगड घातली. बाहेर प्रतिपिंडाची पकड, आत टी पेशीला चेतवणारे शेपूट, असा तो संकरित ग्राहक, म्हणजे पेशीवरचा खूण ओळखणारा रेणू (रिसेप्टर). एवढ्याने भागले नाही. चेतवलेल्या पेशी लवकरच थकून मरत. टी पेशीला ‘शत्रू सापडला’ या संदेशाबरोबर ‘टिकून राहा, वाढत राहा’ हा दुसरा संदेशही लागतो, म्हणून शेपटात ४-१बीबी किंवा सीडी२८ या प्रथिनाचा तुकडा जोडला गेला. या ग्राहकाचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत पेशीत शिरवले, की तिच्या लेकी-नातीही तोच ग्राहक घेऊन जन्मतात. गोळी पोटात जाऊन संपते. हे औषध शरीरात वाढते.

नेक्सकार-१९ची पकड सीडी१९ या रेणूवर असते, आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ते येथेच. सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असतो, त्यामुळे रोगट पेशींबरोबर निरोगीही मारल्या जातात. मात्र बी पेशींवाचून माणूस जगू शकतो. गरज पडल्यास प्रतिपिंडे शिरेतून देता येतात. यकृताच्या किंवा हृदयाच्या पेशींच्या बाबतीत अशी उधळपट्टी परवडली नसती.

मग जर्मनीतील एर्लांगेनच्या गेओर्ग शेट यांच्या गटाने हाच तोटा कामाला लावला. ल्युपसमध्ये बी पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे घडवतात. इतर औषधांनी न आवरलेल्या पाच रुग्णांना त्यांनी अशा टी पेशी दिल्या आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शमला. सरासरी ११० दिवसांनी बी पेशी परतल्या, पण कोऱ्या पाटीच्या. त्या पाहणीच्या काळात आजार उलटला नाही.

काकूंनी हे लक्षपूर्वक ऐकले, कारण त्यांच्या देवासच्या भाचीला ल्युपस आहे, आणि कोणीतरी तिला ‘इम्युनिटी वाढवणारा’ काढा सुरू करून दिला आहे. जिथे प्रतिकारशक्तीच घरच्यांवर उलटली आहे, तिथे ती वाढवण्याचा आग्रह कशासाठी, हे काढा विकणाऱ्यांना विचारले पाहिजे. तो थांबवून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेमाने घ्यायला मी सांगितले. ‘मग तिला हे जर्मनीचे देता येईल का?’ काकूंनी विचारले. तिचा आजार गोळ्यांनी आटोक्यात आहे; बदललेल्या टी पेशी शरीरात सोडण्यापूर्वी द्यावी लागणारी केमोथेरपीच तिला आजारापेक्षा जड जाईल.